कलेच्या धोरणासाठी पुढाऱ्यांना एकत्र कसं बसवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटकवाले, भजनी मंडळवाले, फडमालक, शाळेतले चित्रकलेचे सर असे बरेच जण मेसेज करून साधारण तेच विचारतात की आमच्याकडचं नाट्यगृह बंद पडलंय, परवानगी मिळत नाहीये, कुणाला गाठायचं, सगळ्यांना एकत्र कसं बोलवायचं. प्रत्येकाला वेगळं लिहिता लिहिता वेळ जातो म्हणून एकदाच इथे घातलंय. प्रश्न तुम्ही पाठवलेत तसेच ठेवलेत, आणि जिथे दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे तिथे नंबर दिलाय, तो बघा.

1. सांस्कृतिक धोरण म्हणजे नक्की काय? आमच्या छोट्या संस्थेचा त्याच्याशी काय संबंध?

एक कागदावरचं धोरण असतं आणि एक रोजचं. कागदावरचं म्हणाल तर महाराष्ट्राचं सांस्कृतिक धोरण 2010 साली आलं, त्या समितीचे अध्यक्ष डॉ. आ. ह. साळुंखे होते, मग विनय सहस्रबुद्धे यांच्या समितीने त्याचा फेरआढावा घेतला आणि 2024 मध्ये नव्या धोरणाला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. गोव्याचं 2007 चं आहे. हे जरूर वाचा, तुमची मागणी त्यातल्या एखाद्या कलमात आधीच बसत असेल तर बैठकीत तेच कलम पुढे ठेवता येतं.

पण रोजचं धोरण म्हणजे नाट्यगृहाचं भाडं किती, रविवारची तारीख नाटकाला मिळणार की लग्नाच्या रिसेप्शनला, जत्रेत खेळ किती वाजेपर्यंत चालणार, शाळेत चित्रकलेचे सर आहेत का नाहीत. हे सगळं कुणीतरी सही करून ठरवतं, आणि सही करणारी माणसं तुमच्याच तालुक्यात नाहीतर जिल्ह्यात बसलेली असतात. म्हणून संबंध तुमचाच आहे.

2. कला हा विषय केंद्राचा की राज्याचा? खासदार बोलवू, आमदार बोलवू की नगरसेवक?

मागणी काय आहे त्यावर. घटनेच्या सातव्या अनुसूचीत नाट्यगृहं आणि नाट्यप्रयोग हे राज्याच्या यादीत आहेत, नोंद 33. सिनेमा दाखवायला मंजुरी देणं मात्र केंद्राकडे. बाराव्या अनुसूचीत नगरपालिका-महापालिकांच्या कामांत सांस्कृतिक बाबींना चालना देणं स्पष्ट लिहिलंय आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी सांस्कृतिक कार्यक्रम लिहिलेत. त्यामुळे "हे आमच्या अखत्यारीत येत नाही" असं पालिकेतलं कुणी म्हणालं तर शांतपणे बारावी अनुसूची दाखवायची.

ढोबळ हिशोब असा: नाट्यगृहाची दुरुस्ती, भाडं, तारखा हे पालिका. मानधन, अनुदान, स्पर्धा, संहितेचं प्रमाणपत्र हे राज्य. टॅक्स आणि केंद्रीय अकादम्या असतील तर खासदार. जीएसटीमध्ये एक गोम आहे, ती प्रश्न 9 मध्ये.

3. बैठकीला नक्की कोण कोण हवं?

बारा-पंधरा माणसं, त्याच्यावर नको. पन्नास झाली की ती सभा होते आणि सभेत कुणी खरं बोलत नाही.

लोकप्रतिनिधी तर हवेतच, पण त्यांच्याबरोबर ज्याच्या टेबलावर फाईल जाणार तो माणूसही हवा. नगरपालिका असेल तर मुख्याधिकारी, महापालिका असेल तर सांस्कृतिक विभागाचे उपायुक्त, आणि कृपा करून विद्युत विभागाचे उपअभियंता विसरू नका, नाट्यगृहाच्या निम्म्या तक्रारी त्यांच्याच खात्याच्या असतात. रात्रीच्या कार्यक्रमांचा प्रश्न असेल तर पोलीस निरीक्षक. एखादी कॉलेजची प्राचार्या, गावात कारखाना असेल तर तिथला सीएसआर (कंपनीचा समाजकार्याचा खर्च) बघणारा माणूस.

कलाकारांच्या बाजूने फक्त संस्थांचे अध्यक्ष आणू नका, हे मी फार कळकळीने सांगतेय. अध्यक्ष बोलतात ते संस्थेचं बोलतात. लाइटवाला आणा, मेकअपवाला आणा, ढोलकीवाला आणा, तमाशातली एखादी बाई यायला तयार असेल तर तिला पुढच्या खुर्चीत बसवा. त्यांना नेमकं कुठे अडतं ते त्यांनाच माहिती असतं.

आणि एक, आमदारांच्या पीएला वेगळा फोन करा, नुसतं पत्र पाठवून थांबू नका. तारीख त्याच्याच डायरीत असते.

4. सत्ताधारी आणि विरोधक एकाच खोलीत बसवले तर भांडणं नाही का होणार?

मला पण आधी हीच भीती होती. अनुभव असा की श्रोते नसले, कॅमेरा नसला की भांडण होत नाही. पत्रकारांना बैठक संपल्यावर बोलवा, आधी नाही. निमंत्रण सगळ्या पक्षांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं जाऊ दे, नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लावा.

श्रेय कुणी घ्यायचं यावरून मात्र खरंच फाटतं. त्यावर उपाय एवढाच की मागण्या वाटून द्यायच्या. आमदारांनी जिल्हा नियोजन समितीत निधीचा विषय मांडायचा, विरोधी गटनेत्याने पालिकेत भाड्याचा ठराव आणायचा, म्हणजे ज्याला त्याला सांगायला आपापलं काम राहतं. आपल्या संस्थेने कुणा एकाच्या बॅनरखाली जायचं नाही, पाच वर्षांनी बॅनर बदलतो आणि मग नाट्यगृहाच्या दारात उभं राहायला आपल्यालाच लागतं.

5. ताई, नेते येणार म्हटल्यावर सत्कार तर ठेवावाच लागेल ना?

नाही. हात जोडून सांगते, ठेवू नका.

आमची पहिली बैठक याच्यातच गेली. अडीच तास हॉल घेतला होता, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग ज्यांचा सत्कार राहिला ते रुसले म्हणून त्यांचा सत्कार, मग मनोगतं. आमची नऊ मागण्यांची यादी वाचायला घेतली तेव्हा दोन पाहुणे निघून गेलेले आणि तिसरे उठत होते. ज्या म्हाताऱ्या शाहिरांना आम्ही मुद्दाम चाळीस किलोमीटरवरून आणलं होतं ते शेवटच्या रांगेत बसून राहिले, एक शब्द न बोलता एसटीने परत गेले. ते अजून मनातून जात नाही.

त्यानंतर नियम केला, चहा-बिस्किटं, एक तास, कुणाचंही स्वागत नाही, पहिली पाच मिनिटं कलाकार बोलणार. कुणी नाराज झालं नाही. उलट एक नेते म्हणाले बरं झालं, आज चौथा सत्कार चुकला.

6. बैठक कुठे घ्यावी? हॉटेलचा हॉल घेऊ का?

जिथे अडचण आहे तिथेच घ्या. आम्ही दुसरी बैठक नाट्यगृहाच्या ग्रीनरूममध्येच घेतली, खुर्च्या पुरेनात म्हणून काही जण मेकअपच्या बाकावर बसले. आरशाभोवतीच्या दहा दिव्यांपैकी तीन पेटत होते. मग आम्ही नगरसेविकाबाईंना महिलांच्या खोलीत नेलं. त्या दाराची आतली कडी निखळून कित्येक महिने झाले होते, मुली कपडे बदलताना कडीच्या भोकात ओढणी ओवून बाहेरून एकजण धरून उभी राहायची. त्या ओढणीचा एक तुकडा अजून भोकात अडकलेला होता. बाईंनी तो बोटाने ओढून बघितला, बाहेर आल्या आणि उपअभियंत्यांना म्हणाल्या, साहेब तुम्ही आत जा आणि दार लावून दाखवा. ते गेले, दार लागेना. त्यानंतर आम्हाला फार काही बोलावंच लागलं नाही.

नाट्यगृह बंदच असेल तर दारात घ्या. चित्रकारांचा प्रश्न असेल तर गळक्या कलादालनात घ्या.

7. कुठल्या महिन्यात बैठक घ्यावी?

ऑगस्ट ते ऑक्टोबर. महापालिकेचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येतं, राज्याचं मार्चमध्ये, आणि खात्यांकडून आकडे त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो म्हणून सगळे तेव्हाच बैठक धरतात, भावना समजते, पण त्या दिवशी सगळ्यांना भाषणंच करायची असतात. बैठक आधी उरकून घ्या आणि 5 नोव्हेंबरला मागण्यांचं काय झालं ते जाहीर विचारा. जानेवारीत जाग आली तर तुमची मागणी थेट पुढच्या वर्षात गेली असं समजा.

8. निवेदन कसं लिहायचं? आमचं दहा पानी आहे.

एका पानावर आणा. तीन मागण्या, जास्तीत जास्त चार. प्रत्येक मागणीसमोर तीन गोष्टी हव्यात: कुणाची सही लागते, पैसा लागतो का आणि लागत असेल तर कुठल्या लेखाशीर्षातून (म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कुठल्या ओळीतून), आणि कधीपर्यंत.

"कलेला राजाश्रय मिळावा" असं लिहिलं की सगळे हो म्हणतात आणि घरी जातात, कारण हो म्हणायला काही लागतच नाही. त्याऐवजी असं लिहा: "महिन्यातले दोन शनिवार आणि दोन रविवार हौशी नाटक, संगीत आणि नृत्यासाठी राखीव ठेवावेत, तीन आठवडे आधीपर्यंत कुणी मागणी केली नाही तरच इतर कार्यक्रमाला द्यावेत." याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. लेखाशीर्ष माहीत नसेल तर मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक पालिकेच्या वेबसाइटवर बघा किंवा लेखा विभागात जाऊन विचारा. हे काम कंटाळवाणं आहे, पण धोरण भाषणात काहीही असो, अंदाजपत्रकात त्याच्या नावाची ओळ नसेल तर ते नाही असंच धरा.

9. "निधी नाही" हे उत्तर ठरलेलं असतं. मग काय?

पहिलं म्हणजे अर्ध्या मागण्यांना निधी लागतच नाही. तारखांचं आरक्षण, एकखिडकी परवानगी, अनामत रक्कम वेळेत परत देणं, तालमीसाठी पालिकेच्या शाळेचा हॉल संध्याकाळी उघडा ठेवणं, हे सगळं जवळजवळ फुकट आहे. या मागण्या आधी मांडा, एकदा कुणी हो म्हणालं की पुढचंही हो सोपं जातं.

दुसरं, निधीचे दरवाजे एकाहून जास्त आहेत. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. खासदार निधी वर्षाला 5 कोटी असतो, त्यातून टिकाऊ बांधकाम होतं, नाटकाचे प्रयोग होत नाहीत, त्यामुळे तो मागायचा तर वास्तूसाठी मागा. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृती आणि पारंपरिक कलांचं जतन सीएसआरमध्ये धरलेलं आहे, कारखान्याच्या माणसाला हे बऱ्याचदा माहीत नसतं, त्याला फक्त शाळा आणि झाडं माहिती असतात.

आणि जीएसटीची गोम. जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा 250 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटालाच सूट होती, 2018 च्या सुरुवातीला ती मर्यादा 500 झाली. लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणासाठी कलाकाराला दीड लाखापर्यंत मानधन मिळालं तर त्यावरही सूट आहे. हे ठरतं जीएसटी परिषदेत आणि तिथे आपल्या राज्याचे अर्थमंत्री सदस्य असतात. म्हणजे टॅक्ससाठी दिल्लीलाच जायला पाहिजे असं नाही, मुंबईत अर्थमंत्र्यांना पटवलं तरी विषय परिषदेपर्यंत जातो.

10. आमचा दशावताराचा (काहींचा तमाशाचा, झाडीपट्टी नाटकाचा) खेळ रात्रभर चालतो. दहा वाजता पोलीस येतात. हे धोरणात बसतं का?

हा सगळ्यात किचकट प्रश्न आहे म्हणून सविस्तर लिहिते. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी रात्री 12 पर्यंत सूट देता येते, त्यापुढे नाही. बंदिस्त सभागृहात आतल्या आत चालणाऱ्या आवाजाला मात्र हे बंधन नाही.

आता सिंधुदुर्गातली जत्रा, झाडीपट्टीतली म्हणजे वडसा-गडचिरोलीकडची दिवाळीनंतर सुरू होणारी नाटकं, फडांचे वग, हे सगळं मुळातच पहाटेपर्यंतचं. प्रेक्षक शेतातून येतो, जेवून येतो, दहा वाजता तर तो येऊन बसतो. त्यामुळे नियम आणि परंपरा इथे सरळ भिडतात, आणि नियम सुप्रीम कोर्टापर्यंत तपासला गेलेला आहे, त्यामुळे कुठला आमदार "मी बघतो" म्हणाला तरी तो हा नियम बदलू शकत नाही. खोटी आशा घेऊन बसू नका.

पण एवढं होऊ शकतं: सूट मिळणाऱ्या दिवसांत तुमच्या भागातली मोठी जत्रा यावी असा आग्रह जिल्हाधिकाऱ्यांकडे वेळेत धरता येतो, कारण या दिवसांची यादी आधी जाहीर होते. पंचायतीने किंवा जिल्हा परिषदेने बंदिस्त रंगमंच बांधावा ही मागणी करता येते. आणि लाऊडस्पीकर बंद करून खेळ पुढे चालू ठेवायची तयारी असलेले दशावतारी मी पाहिलेत, पेटी-मृदंग आणि उघडा गळा, आणि शेवटचा माणूस कान देऊन ऐकत असतो. पण उघड्यावर रात्री वाद्यांनाही हाच नियम लागू आहे, त्यामुळे वाद्यांचं काय करायचं हे पोलीस निरीक्षकांशी बैठकीतच बोलून घ्या, रात्री दीड वाजता रंगमंचावर नको.

11. म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनाचं या बैठकीत काढावं का?

काढा, पण वैयक्तिक अर्ज घेऊन येऊ नका. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत 2024 पासून महिना 5,000 रुपये आहेत, वय 50 च्या पुढे हवं, छाननी जिल्हा पातळीवरच्या समितीत होते. बैठकीत विचारायचं ते हे की समितीची बैठक शेवटची कधी झाली आणि किती अर्ज पडून आहेत. कित्येक कलावंतांकडे पुरावाच नसतो, कार्यक्रमपत्रिका पुरात गेलेल्या असतात, त्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखला धरावा ही मागणी धोरणाची झाली.

12. नाटकाच्या सेन्सॉरबद्दल स्थानिक नेत्यांकडे बोलून उपयोग आहे का?

थोडाच. 1876 चा ब्रिटिशांचा नाट्यप्रयोग कायदा केंद्राने रद्द केला, पण महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र अजून लागतं. हा विषय विधिमंडळाचा आहे, पालिकेचा वेळ त्यात घालवू नका, आमदारांना स्वतंत्र भेटा.

13. नेते आणि कलाकार एकत्र बसून खरंच कधी काही झालंय का?

झालंय. 1960 ला राज्य झालं आणि त्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांनी साहित्य संस्कृती मंडळ काढलं, अध्यक्ष केले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना, मराठी विश्वकोशाचं काम तिथूनच उभं राहिलं. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर 1968 ला उघडलं, पैसा महापालिकेचा आणि आखणीत सल्ला पु. ल. देशपांड्यांचा.

विधान परिषदेत राज्यपाल 12 जण नेमतात ते साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या अनुभवावर नेमायचे असं घटनेच्या कलम 171 मध्ये आहे. गदिमा तिथे होते, ना. धों. महानोर होते. आज त्या जागांवर कलावंत किती हे बैठकीत आमदारांना जरूर विचारा.

14. आमच्याकडे निवडणूकच झाली नाही, प्रशासक आहे. कुणाला बोलवायचं?

2022 नंतर कित्येक महापालिकांत वर्षानुवर्षं हेच चाललं, नगरसेवकच नव्हते. प्रशासक एकटाच सही करतो, त्यामुळे निर्णय पटकन होतो, पण त्याची बदलीही पटकन होते. म्हणून जे ठरेल ते लेखी आदेशात आणा, आणि माजी नगरसेवकांना बोलवायचं सोडू नका, उद्या तेच किंवा त्यांच्या घरातलेच निवडून येतात.

15. आचारसंहिता लागली तर बैठक रद्द करायची?

मंत्र्यांना घोषणा करता येत नाही, पालिकेचा हॉल राजकीय कामाला मिळत नाही. पण सगळ्या उमेदवारांना खाजगी जागेत सारखी संधी देऊन "नाट्यगृहाचं काय करणार" हे विचारायला हरकत नाही. निवडणूक अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवा, आणि उत्तरं लिहून सही घ्या. बाकीचं निवेदन प्रश्न 8 प्रमाणेच.

16. नाट्यगृह जळाल्यावर सगळे नेते येतात. आधी कसे आणायचे?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 चं पॅलेस थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. त्यानंतर सगळ्या पक्षांचे नेते आले, निधीही जाहीर झाला.

तुमच्या गावातल्या नाट्यगृहाचा फायर ऑडिट रिपोर्ट मागा. माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर. तो कागद हातात घेऊन बैठकीचं निमंत्रण द्या. "शेवटची तपासणी कधी झाली" या एका ओळीवर जेवढी माणसं येतात तेवढी कुठल्याच सत्काराला येत नाहीत.

17. आम्ही गोव्यात, इंदूरला, बाहेरदेशात आहोत. हे आम्हाला लागू आहे का?

पद्धत तीच, दारं वेगळी. गोव्यात 1970 पासून कला अकादमी आहे आणि कला व संस्कृती संचालनालय आहे, राज्य लहान असल्यामुळे मंत्री थेट भेटतात. इंदूर-भोपाळकडच्यांना नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र जवळचं आहे, मध्य प्रदेश त्यातच येतो. परदेशात असाल तर तिथल्या शहराच्या कौन्सिलकडेच जा आणि एकटं मराठी मंडळ जाऊ नका, शेजारच्या तमिळ, बंगाली, मेक्सिकन मंडळांना बरोबर घ्या.

18. बैठकीत सगळे हो म्हणाले, पुढे काहीच झालं नाही. आणि एकूण किती वेळ धरायचा?

तीन दिवसांत इतिवृत्त लिहून सगळ्यांना पाठवा, कोण काय म्हणालं आणि तारीख काय. पालिकेत आवक क्रमांक घ्या, तो नसेल तर कागद दिलाच नाही असं होतं. महिन्याने फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायला जा, फोन नको, प्रत्यक्ष जा. तरी हलली नाही तर माहिती अधिकार, आणि राज्याचा विषय असेल तर आमदारांकरवी विधिमंडळात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) किंवा लक्षवेधी सूचना.

वेळेचं म्हणाल तर आमच्या महिलांच्या खोलीची कडी नवव्या दिवशी बसली. आरशाचे दिवे दीड महिन्याने. शनिवार-रविवारचा ठराव व्हायला आठ महिने लागले, आणि जनरेटरसाठी दोन अंदाजपत्रकं गेली, तिसऱ्यात आला. दरम्यान दोन मुख्याधिकारी बदलले, दोघांनाही आम्ही पहिल्या आठवड्यात ग्रीनरूममध्ये चहाला बोलावलं.